गंजलेल्या होड्या बघायला कोण जातं?

वाचकांचे प्रश्न, भूगोलाच्या बाईंची उत्तरं

या वेळच्या पत्रांचा सूर एकच आहे. दुबई झाली, बँकॉक-पट्टाया झालं, आता कुणी न पाहिलेलं काहीतरी सांगा. कुणीच न पाहिलेलं असं पृथ्वीवर फार उरलेलं नाही, पण आपल्या सोसायटीत कुणी न पाहिलेलं भरपूर आहे. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, सहल कंपनी चालवली नाही. तेव्हा तिकिटांचे आणि हॉटेलांचे दर मला विचारू नका. व्हिसाचे नियमही निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहा, ते सारखे बदलतात. बाकी काय ते विचारा.

प्रश्न : बाई, आम्ही दोघंही नोकरीवाले. वर्षातून एकदाच दहा दिवसांची रजा एकत्र जुळते. युरोप परवडत नाही. नातेवाइकांत, ऑफिसात कुणी गेलेलं नाही असं एखादं ठिकाण सांगाल का? (एक जोडपं, नाशिक)

उत्तर : नाव आधी सांगते, कारण मागाहून. काराकाल्पाकस्तान. उझबेकिस्तानच्या पश्चिम टोकाचा हा स्वायत्त प्रांत, राजधानी नुकुस. ताश्कंद, समरकंद, बुखारा आता आपल्या सहल कंपन्यांच्या पत्रकांत आलेत, तिथले निळे घुमट फोटो बघून बघून पाठ झालेत. तुम्ही खिवापर्यंत तेच करा आणि बाकीचे जिथून मागे फिरतात तिथून पुढे निघा. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. ताश्कंदहून खिवाला रेल्वे जाते, रात्र गाडीत गेली की हॉटेलचे पैसे वाचतात. (ताश्कंदची मेट्रो मात्र चुकवू नका. २०१८ पर्यंत तिथे फोटो काढायला बंदी होती, आता मनसोक्त काढा.)

खिवाहून नुकुसला टॅक्सी करा आणि ड्रायव्हरला आधीच बजावा की सरळ नेऊ नकोस. वाळवंटात अयाझ-काला आणि तोप्राक-काला हे मातीच्या विटांचे प्राचीन किल्ले आहेत. तिकीट काढून रांगेत उभं राहायची सवय झालेल्यांना अयाझ-कालाच्या टेकडीवर एकट्याने चढताना जरा चुकल्यासारखंच वाटतं. त्याच भागात बेरुनी नावाचं गाव आहे. हे नाव हजार वर्षांपूर्वी भारतावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल-बिरुनीचं, तो याच खोरेझम प्रदेशातला. आपल्याकडे त्याचं नाव इतिहासाच्या पेपरापुरतं येतं.

नुकुसमध्ये अख्खा दिवस सावित्स्की संग्रहालयासाठी राखून ठेवा. इगोर सावित्स्की हा चित्रकार १९५० मध्ये उत्खननाच्या मोहिमेबरोबर चित्रं काढायला इकडे आला आणि इकडचाच झाला. आधी त्याने काराकाल्पाक दागिने, भरतकाम, तंबूंच्या विणलेल्या पट्ट्या जमवल्या. मग मॉस्को-ताश्कंदच्या फेऱ्या सुरू केल्या. स्टालिनच्या काळात ज्यांची चित्रं नाकारली गेली, त्यांच्या विधवांना, मुलाबाळांना गाठून दडवून ठेवलेले कॅनव्हास तो उधारीवर उचलून आणायचा. १९६६ मध्ये संग्रहालय उघडलं. मॉस्कोपासून इतक्या लांब वाळवंटात तपासायला येतंय कोण? त्या आडबाजूपणामुळे ती चित्रं वाचली. चित्रातलं कळत नसलं तरी जा. मलाही कळत नाही, पण तिथल्या बैलाच्या चित्रासमोरून मी लवकर हलले नाही. त्याच्या डोळ्यांच्या जागी बंदुकीच्या नळ्या रोखल्यासारखी भोकं आहेत.

मग मुयनाक, आटलेल्या अरल समुद्राचं एके काळचं बंदर, नुकुसहून उत्तरेला साधारण दोनशे किलोमीटर. त्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहिते, कारण जळगावच्या एका दादांनी मुयनाकवरूनच मला सुनावलंय.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. उन्हाळ्यात चाळिशीच्या वर ऊन आणि हिवाळ्यात शून्याच्या खाली पारा, दोन्ही आपल्याला झेपायचं नाही. सप्टेंबरात खोरेझमची खरबुजं असतात. मांसाहारी असाल तर चैन आहे. ज्वारीच्या पिठाचे उकडलेले तुकडे मटणाच्या रश्शाबरोबर देतात, ते खाऊन बघाच. शाकाहारी असाल तर गरम नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, खरबूज आणि हिरवा चहा यावर दिवस काढायची तयारी ठेवा. मेतकूट बरोबर न्या.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही अरल समुद्राबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. घरी वाचून दाखवल्या तर मुलगा म्हणाला, पैसे घालून वाळवंटातल्या गंजलेल्या होड्या बघायला कोण जातं? मी कापूस पिकवतो, मलाही त्याचं म्हणणं पटलं. (एक शेतकरी वाचक, जळगाव जिल्हा)

उत्तर : दादा, कापूसवाल्यानेच तर जायला हवं!

१९६० च्या सुमारास अरल हा जगातला चौथ्या क्रमांकाचा अंतर्देशीय जलाशय होता. त्याला पाणी दोन नद्यांचं, अमुदर्या आणि सिरदर्या. सोव्हिएत सरकारला हवा होता कापूस, तोही वाळवंटात. १९५४ मध्ये काराकुम कालव्याचं काम सुरू झालं आणि अमुदर्याचं पाणी वाळूतून शेकडो किलोमीटर नेलं गेलं. कालव्याला अस्तर नाही, म्हणजे पिकाच्या मुळाशी किती पोचलं आणि वाळूने किती प्यायलं याचा हिशेब तुम्हीच करा. नद्या समुद्रापर्यंत पोचेनाशा झाल्या. समुद्र आटला, जे उरलं ते खारट होत गेलं, मासे संपले. मुयनाक हे मासेमारीचं बंदर, तिथे मासे डबाबंद करणारा मोठा कारखाना होता. मासे संपल्यावरही कारखाना बंद पडू नये म्हणून दूरच्या समुद्रांतले गोठवलेले मासे रेल्वेने आणून तिथे डब्यांत भरत. काही वर्षं हा खटाटोप चालला. आपल्याकडे दुष्काळी तालुक्यात साखर कारखाना चालवायला कुठून कुठून ऊस आणतात, ते माहीत असलेल्याला यात नवल वाटणार नाही.

गावाच्या टोकाला उंच कडा आहे. एके काळी त्याच्या पायथ्याशी लाटा आपटत. आता पायऱ्या उतरून खाली गेलं की समुद्राचा तळ आणि त्यावर होड्या, एकीमागे एक. मी एकीच्या पोटाखाली सावलीला बसले होते. पत्र्याचे पापुद्रे नखाने निघतात. आत, उन्हापासून वाचलेल्या कोपऱ्यात, रंग मात्र अजून धरून आहे. पायाखाली कचकच वाजतं ते शिंपले. वारा सुटला की ओठ खारट होतात. ती धूळ नुसती मिठाची नाही, वर्षानुवर्षं कपाशीवर मारलेली औषधं नदीतून वाहत येऊन त्या तळात बसलीत आणि वाऱ्याबरोबर तीही उडतात. नाकातोंडाला रुमाल बांधा.

वर छोटं संग्रहालय आहे. कारखान्याचे माशांचे डबे, जाळी, जुने फोटो. तिथल्या एक बाई दुभाष्यामार्फत बोलत होत्या. पाणी नेमकं कधी गेलं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, गेलं असं एका दिवशी झालंच नाही, दर उन्हाळ्यात पोहायला जायची वाट तेवढी लांबत गेली. आज तिथून पाण्याच्या काठापर्यंत जायचं तर जीपने शंभरावर किलोमीटर तुडवावे लागतात. काठावर तंबूंत मुक्कामाची सोय आहे, पण पाठदुखी असेल तर त्या वाटेला जाऊ नका. मला तर त्या पाण्यापेक्षा पाणी सोडून गेलेलं गाव जास्त बघण्यासारखं वाटलं.

मुलाला एवढंच सांगा की गोष्ट तिथे संपलेली नाही. उत्तरेला कझाकस्तानच्या हद्दीत २००५ मध्ये कोकाराल धरण बांधलं, सिरदर्याचं पाणी तिथे अडलं, उत्तरेचा लहान तुकडा पुन्हा भरला आणि मासेमारी परत सुरू झाली. इकडे उझबेकिस्तानात उघड्या पडलेल्या तळावर साक्सॉलची झुडपं लावतायत, धूळ धरून ठेवायला. ते बघताना तुम्ही शेतकरी म्हणून जे प्रश्न विचाराल ते मला सुचणार नाहीत. तुम्ही जाच, आणि आल्यावर मला लिहा.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी साठी ओलांडलेल्या, तिघी शाकाहारी. एकीचे गुडघे धरलेले. झेंड्यामागे पळायची सहल नको. वेगळं बघायचंय, पण रोज ब्रेड-बटर खाऊन नाही. (पुणे)

उत्तर : जॉर्जिया. तिथे ख्रिस्ती लोकांचे कडक उपवास असतात, त्यात मांस, दूध, अंडी काही चालत नाही. त्यामुळे शाकाहारी जेवण ही पाहुण्यांसाठी केलेली तडजोड नाही, त्यांचं स्वतःचं जेवण आहे. लोबिओ म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेला राजमा, वर कोथिंबीर, सोबत मक्याची भाकरी. अक्रोडाचं वाटण भरलेल्या वांग्याच्या गुंडाळ्या. पालकाचे, बिटाचे, अक्रोड-लसूण घालून मळलेले गोळे, वर डाळिंबाचे दाणे. चीज भरलेली खाचापुरी सगळीकडे मिळते, फक्त होडीच्या आकाराच्या खाचापुरीत वर कच्चं अंडं फोडतात, तेव्हा ती मागवू नका.

राजधानी तिबिलिसीत दोन रात्री पुरे. मुक्काम कुताइसीला टाका. शेजारी त्स्खाल्तुबो आहे, सोव्हिएत काळातलं गरम झऱ्यांचं गाव. कामगारांना इथे सरकारी खर्चाने आराम करायला धाडत. खांबांच्या ओळी, गोल जिने, झुंबरांच्या जागी लोंबणाऱ्या तारा, असे आरोग्यधामांचे प्रचंड महाल तिथे ओस पडलेत. काहींमध्ये १९९० च्या दशकात जॉर्जियातून फुटू पाहणाऱ्या अबखाझियाच्या युद्धातून पळून आलेली कुटुंबं राहिली, वर्षानुवर्षं. तेव्हा कुठल्याही उघड्या दारातून आत शिरून फोटो काढू नका, कुणाचं तरी घर असू शकतं. काही स्नानगृहं अजून चालू आहेत. पाणी अंगाला सोसेल इतपतच कोमट असतं. तुमच्या गुडघेवाल्या मैत्रिणीला तिथे बसवा, पण डॉक्टरांना विचारून.

कुताइसीहून एका दिवसात चियातुरा करून येता येतं. खोल दरीत वसलेलं मँगनीजच्या खाणींचं गाव. कामगारांचा चढण्या-उतरण्यात वेळ जायला नको म्हणून १९५४ पासून तिथे दरीवरून दोरखंडाच्या पाळण्यांचं जाळं विणलं, बसऐवजी लोक पाळण्यात बसून कामावर जात. ते जुने गंजके डबे आता बंद आहेत, २०२१ मध्ये नवे सुरू झाले. मंडई करून पिशव्या सांभाळत वर जाणाऱ्या बायकांबरोबर बसा. वाटेत कात्सखीचा चाळीस मीटर उंच सुळका लागतो, माथ्यावर इवलंसं चर्च. वर कुणाला जाऊ देत नाहीत, खालून बघायचं. गुडघ्यांच्या दृष्टीने हे सोयीचंच.

स्वानेती या डोंगराळ भागातल्या उश्गुली गावाचे, दगडी मनोऱ्यांचे फोटो बघून तुम्हाला मोह होईल. दोन हजार मीटरच्या वर आहे ते, आणि रस्ता घाटाचा, लांबचा. दोघींनी जावं, तिसरीने कुताइसीच्या बाजारात मसाले घ्यावेत. आणि कागदपत्रं, म्हणजे परतीचं तिकीट, हॉटेल, प्रवासविमा, छापून हातात ठेवा. तिबिलिसीला उतरल्यावर बारकाईने तपासतात.

प्रश्न : मी दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या पैसे नाहीत, पण वेगळी ठिकाणं शोधायची कशी ते शिकायचंय. रीलमध्ये तीच तीच दहा ठिकाणं येतात. (कोल्हापूर)

उत्तर : बाळ, रील बंद कर आणि नकाशा उघड. जिथे काहीतरी विचित्र दिसेल तिथे बोट ठेव आणि ‘हे इथे का?’ असं विचार.

ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, ॲडलेडपासून साडेआठशे किलोमीटरवर, काहीही पिकत नाही अशा जागी गाव का? कारण १९१५ मध्ये तिथे एका पोराला ओपल हा रत्नाचा खडा सापडला. कूबर पीडी हे ते गाव. उन्हाच्या तावापासून वाचायला लोक टेकड्या पोखरून घरं करून राहतात, चर्चसुद्धा जमिनीखाली. मॉरिटानियात सहारा वाळवंटातून एकच रेल्वेमार्ग सातशे किलोमीटर धावून समुद्राला का मिळतो? लोहखनिज. गाडी अडीच किलोमीटरपर्यंत लांब असते.

नेदरलँड्सच्या आत बेल्जियमचे बावीस तुकडे का विखुरलेत? बार्ले गावात मध्ययुगातल्या दोन सरदार घराण्यांच्या जमिनींच्या वाटण्या अजून चालू आहेत. फुटपाथवर पांढऱ्या फुल्यांनी सीमा आखलीय, ती घरांतून, दुकानांतून आरपार जाते. घराचं पुढचं दार ज्या देशात, घर त्या देशाचं. आपल्याकडे कूचबिहारच्या सीमेवर असंच भारत-बांगलादेशचं त्रांगडं होतं, भारताचे १११ आणि बांगलादेशचे ५१ तुकडे. २०१५ मध्ये अदलाबदल करून ते मिटवलं. इकडे माणसांना शाळा-दवाखाना-ओळखपत्र मिळेना म्हणून मिटवावं लागलं आणि तिकडे पर्यटक कॉफी पीत सीमेवर फोटो काढतात. हा फरक का, तेही विचार.

तोवर एसटीने लोणारला जाऊन ये. बेसॉल्ट खडकात उल्का पडून झालेलं, पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर आहे. जगभरचे शास्त्रज्ञ ते बघायला येतात आणि कोल्हापूरची मुलं गोव्याला जातात.

प्रश्न : उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डला भारतीयांना व्हिसा लागत नाही म्हणे. आणि तिथे मरायला कायद्याने बंदी आहे, हे खरं का? (ठाणे)

उत्तर : पहिलं खरं, पण उपयोगाचं नाही. १९२० च्या करारामुळे स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, मात्र विमान नॉर्वेतून जातं आणि नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर असल्यामुळे जाऊन परत नॉर्वेत यायचं म्हणजे दुसरा प्रवेश. व्हिसा मागतानाच दोन किंवा जास्त प्रवेशांचा मागा. एका प्रवेशाचा घेऊन गेलात तर परतताना रडाल.

दुसरं खोटं. जमीन कायम गोठलेली असल्यामुळे तिथे शवपेट्या पुरत नाहीत, एवढ्यावरून ती अफवा उठली. मांजर पाळायला मात्र खरंच बंदी आहे, पक्ष्यांसाठी. हॉटेलात, संग्रहालयात बूट दारात काढायचे, कोळसा खाणींच्या काळापासूनची रीत आहे. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गावाबाहेर हिमअस्वलं असतात, बंदूकधारी वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, त्याप्रमाणे महिना निवडा. तिथल्या न्यू-ओलेसुंदला २००८ पासून आपलं हिमाद्री संशोधन केंद्र आहे. बोटीने तिथे नेतात, पण वेधशाळेच्या संवेदनशील उपकरणांमुळे फोनचं वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद ठेवावं लागतं.

प्रश्न : लग्नानंतर मॉरिशसचं बुकिंग घरच्यांनीच करून टाकलंय. आता त्यात वेगळं काय करणार? (डोंबिवली)

उत्तर : पुष्कळ. चार रात्री कापा आणि रॉड्रिग्ज बेटावर जा. ते मॉरिशसचंच, पण साडेपाचशे किलोमीटर पूर्वेला, लहान विमानाने दीड तास. उथळ खाजणात बायका पायाने चालत, हातात सळई घेऊन ऑक्टोपस पकडतात आणि काठावर दांड्यांवर कपड्यांसारखे वाळत घालतात. ऑक्टोपसची वाढ व्हावी म्हणून वर्षातले काही आठवडे ही शिकार बंद असते, तेव्हा गेलात तर ते दिसणार नाही, विचारून जा. शनिवारी पोर्ट माथुरिनचा बाजार असतो, तिथे लिंबं, मिरच्यांची लोणची आणि मध घ्या. १८८३ मध्ये इंडोनेशियात क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, त्याचा आवाज ४,८०० किलोमीटरवर या बेटावर चार तासांनी ऐकू आला होता. तिथल्या पोलीसप्रमुखाला वाटलं, दूर कुठेतरी तोफा चालल्यात.

मॉरिशसमध्येही एक दिवस किनारा सोडा आणि कास्काव्हेलला जा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेल्या मराठी माणसांची वस्ती तिथे आहे. गणेश चतुर्थीला तर त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. भाद्रपदात जात असाल तर विसर्जन तिथेच बघा.

प्रश्न : तुर्कमेनिस्तानातल्या ‘नरकाच्या दरवाजा’ला जावं का? (लातूर)

उत्तर : दरवाझाला जायचं असेल तर उशीर करू नका. काराकुम वाळवंटातला साधारण सत्तर मीटर रुंदीचा हा जळता वायूचा खड्डा. १९७१ मध्ये पेटला असं सगळे सांगतात, कागदोपत्री पुरावा कुणी दाखवत नाही. २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी तो विझवायला सांगितलं आणि आता आजूबाजूच्या विहिरींतून वायू काढून घेतल्यामुळे ज्वाळा पूर्वीच्या तुलनेत बऱ्याच खाली आल्यात. व्हिसाची कटकट आहे, वाटाड्या घ्यावा लागतो. गेलात तर रात्रीचा मुक्काम करा. दिवसा तो नुसता खड्डाच दिसतो.